नेरळ–माथेरान गाडी : सावकाशपणाचे मोल

सनदी लेखापालाच्या अंतिम परीक्षेचा अभ्यास चालू असताना एक दिवसाची सुट्टीही मला चोरी वाटे, म्हणून पिशवीत करकायद्याचे पुस्तक घेऊनच मी नेरळला या गाडीत बसलो. १९०७ पासून धावणारी, दोन फुटी रुळांवरची ही गाडी सुमारे २१ किलोमीटरच्या घाटाला अडीच तासांहून अधिक वेळ घेते, आणि तो वेळ कुणालाच वाचवता येत नाही, हेच तिचे खरे सुख. वाटेतल्या जुम्मापट्टी स्थानकापुढच्या वळणावर खिडकीतून आपल्याच गाडीचे मागचे डबे दिसले, ओल्या कातळाचा वास आत आला. पुस्तक उघडले नाही आणि त्याची रुखरुखही लागली नाही. घाई असलेल्यांनी माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापर्यंत मोटारीने जावे. अभ्यासाने शिणलेल्यांनी मात्र पावसाळा सरून पूर्ण मार्ग खुला झाला की हेच तिकीट काढावे.