खोल समुद्रात जाणाऱ्या पाणबुडीची प्रतिकृती: दोन आठवड्यांनंतरचा अभिप्राय

नातीसाठी इंदूरच्या राजवाड्याजवळील एका दुकानातून मी ‘अल्विन’ या पाणबुडीची जोडून तयार करावयाची प्रतिकृती घेतली, आणि समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आमच्या घरात तेव्हापासून दुसरा विषय नाही. या संचाचे खरे मोल त्यातील गोलकात आहे: वरचे आवरण काढले की तीन माणसे दाटीने बसतील असा कक्ष दिसतो, आणि ६,००० मीटर खोलीवर सुमारे ६०० वातावरणांचा, म्हणजे जमिनीवरील हवेच्या दाबाच्या ६०० पट, दाब सर्व बाजूंनी सारखा विभागला जावा म्हणून हाच आकार का लागतो, हे आठ वर्षांच्या मुलीलाही उमगते. पोलादी वजने सोडून दिल्यावर पाणबुडी वर येते, हेही सुट्या वजनांमुळे नेमके कळते. यांत्रिक हात मात्र नाजूक आहे. आमचा दुसऱ्याच दिवशी तुटला, पण दुकानदारांनी तो विनातक्रार बदलून दिला.

माझी तक्रार आहे ती पुस्तिकेबद्दल. १९७७ साली याच पाणबुडीतून पॅसिफिक महासागरातील गॅलापागोस बेटांजवळ समुद्रतळावरील उष्ण झरे आणि त्यांभोवतीची जीवसृष्टी शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष पाहिली. तेथील जीवाणू सूर्यप्रकाशाविना, हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवून अन्न तयार करतात आणि त्यांच्या आधारावर नळीकृमी व शिंपले जगतात, या विलक्षण गोष्टीला तिथे जेमतेम एक ओळ मिळाली आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने हाती घेतलेल्या, तीन माणसांना नेणाऱ्या ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीचा तर उल्लेखही नाही, पुढील आवृत्तीत उत्पादकांनी तो अवश्य करावा.