मॅडन एनएफएल २५ परीक्षण: मॅन-टू-मॅन बचावासमोर पासिंग कसं चालतं

मॅडन एनएफएल २५ हा अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम विकत घ्यावा की नाही, हे ठरवताना नवीन टॅकल, किकऑफचे नवे नियम, ग्राफिक्स या सगळ्याची चर्चा होते. पण समोरच्याने सलग मॅन-टू-मॅन (थोडक्यात मॅन) बचाव लावला की पासिंग, म्हणजे चेंडू फेकून पुढे नेणं, टिकतं का, यावर या गेममधली मजा जास्त अवलंबून असते. झोन बचावात बचावपटू माणूस नाही, जागा राखतात, त्यामुळे मैदानावर कुठे ना कुठे मोकळी जागा असतेच, ती हेरायची. मॅनमध्ये प्रत्येक रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) अंगाला एक माणूस चिकटलेला असतो. जागा रिसीव्हरने स्वतः काढायची, आणि ती निघाल्यावर जेमतेम क्षणभर टिकते. हा भाग गेमने बऱ्यापैकी इमानदारीने बनवला आहे. शिकवण्यात मात्र तो कमी पडतो, आणि काही ठिकाणी ॲनिमेशन खेळाडूवर अन्याय करतं.

गेम १६ ऑगस्ट २०२४ रोजी आला. खाली जे लिहिलं आहे ते पीएस-५ आणि पीसीवरच्या आवृत्तीला धरून आहे. बटणं प्लेस्टेशनची दिली आहेत.

आधी ओळख. चेंडू स्नॅप होण्यापूर्वी, म्हणजे तो क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्याच्या) हाती येऊन खेळी सुरू होण्यापूर्वी, मॅन आहे की झोन, हे कळलं नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे. सर्वात सोपी चाचणी मोशनची. एका रिसीव्हरला या टोकाकडून त्या टोकाकडे चालवा. त्याच्यासमोरचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला झाकणारा बचावपटू) त्याच्याबरोबर अख्खं मैदान ओलांडून आला तर बहुतेक वेळा मॅन. बचावपटू जागच्या जागी एखाद-दुसरं पाऊल सरकले तर झोन. दुसरी चाचणी एम्प्टी फॉर्मेशनची: एरवी क्वार्टरबॅकजवळ असणाऱ्या रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) बाहेर टोकाला उभा करा. त्याच्यासमोर लाइनबॅकर (मधल्या फळीतला बचावपटू) येऊन उभा राहिला तर मॅन, कॉर्नरबॅकच राहिला तर झोन. मग सेफ्टी, म्हणजे सर्वात मागचे बचावपटू, मोजा. मागे कोणीच नसेल तर कव्हर ०, म्हणजे ब्लिट्झ येणार, जादा माणसं क्वार्टरबॅकवर धावून येणार. एक असेल तर कव्हर १, दोन असतील तर २ मॅन अंडर.

इथे एक सापळा आहे. मॅच प्रकारचे बचाव, उदाहरणार्थ कव्हर ३ मॅच किंवा क्वार्टर्स, स्नॅपपूर्वी झोनसारखे दिसतात आणि खोल रूटवर माणसाला धरतात. मोशन देऊन झोन म्हणून निश्चिंत झालात आणि सरळ खोल फेकलात तर चेंडू त्यांच्या हातात जातो. गेम या फरकाबद्दल खेळताना काहीही सांगत नाही. स्किल्स ट्रेनर या शिकवणीच्या विभागात बचावांची ओळख आहे, पण ती नाव सांगून पुढे जाते.

आता रूट, म्हणजे रिसीव्हरची ठरलेली धाव. मॅनसमोर सरळ धावणारे रूट फारसे कामाचे नाहीत, वेगात मोठा फरक असेल तरच. दिशा बदलणारे रूट कामाचे: तिरका आत जाणारा स्लँट, आडवा धावणारा ड्रॅग, खोल कोपऱ्याकडे जाणारा कॉर्नर, बाहेर वळणारा आउट, आत जाऊन पुन्हा बाहेर वळणारा व्हिप. कारण आकड्यांमध्ये आहे. रिसीव्हरच्या बाजूला रूट रनिंगचे तीन आकडे असतात, जवळच्या, मधल्या आणि खोल अंतराचे. समोर कॉर्नरबॅकचं मॅन कव्हरेज रेटिंग. कट, म्हणजे एकदम वळण, घेताना या दोन आकड्यांची झुंज होते. म्हणून सुसाट धाव घेणारा पण रूट रनिंगमध्ये कच्चा रिसीव्हर झोनमध्ये हिरो ठरतो आणि मॅनमध्ये अडकून पडतो. संघ निवडताना लोक वेग बघतात. मॅनला भिडायचं असेल तर रूट रनिंगचा रकाना आधी बघा. रूट टेक्निशियन ही क्षमता असलेला रिसीव्हर कट घेताना मॅनमधून स्पष्ट सुटतो. समोरच्याकडे वन स्टेप अहेड ही क्षमता असलेला कॉर्नरबॅक असेल तर तोच कट निष्प्रभ होतो, तेव्हा त्याच्या दिशेने फेकूच नका.

मॅनवरचं सगळ्यात भरवशाचं हत्यार म्हणजे मेश. सतत पास फेकणाऱ्या एअर रेड पद्धतीतून, हॅल ममी आणि माइक लीच या प्रशिक्षकांच्या संघांमुळे गाजलेली ही खेळी गेममध्ये अनेक शॉटगन फॉर्मेशनमध्ये (क्वार्टरबॅक काही पावलं मागे उभा असलेल्या रचनांमध्ये) आहे. दोन रिसीव्हर दोन बाजूंनी, पाच-सहा यार्डांवर, एकमेकांना घासून जातात. पाठलाग करणारे दोन बचावपटू एकमेकांच्या वाटेत येतात आणि एकाला वळसा घ्यावा लागतो. तेवढ्यात एक पाऊल मिळतं. फेकण्याची वेळ चुकते ती इथेच. बहुतेक लोक दोघे एकमेकांना पार करून बाहेर पडेपर्यंत थांबतात. तोवर बचावपटू सावरलेला असतो, शिवाय समोरचा खेळाडू स्वतः चालवत असलेला लाइनबॅकर मध्ये येऊन उभा असतो. पार करताक्षणी, रिसीव्हर सेंटरच्या रेषेच्या जरासा पलीकडे असतानाच बटण दाबा. बटण दाबून धरा म्हणजे बुलेट पास जाईल. हलकंसं दाबलं तर लॉब उडतो आणि ड्रॅगवर लॉब म्हणजे फुकटचं इंटरसेप्शन, चेंडू समोरच्याच्या हाती. डावी काठी तो धावतोय त्या दिशेला अर्धी ढकला. काठी दिली नाही तर चेंडू रिसीव्हरच्या मागे पडतो, त्याला थांबावं लागतं, आणि मिळालेलं पाऊल वाया जातं. चेंडू हवेत असताना स्क्वेअर धरा, म्हणजे तो धावतच झेलेल. मॅनमध्ये बाकी सगळे बचावपटू आपापल्या माणसामागे पाठ फिरवून पळत असल्यामुळे झेलानंतर बऱ्याचदा समोर दहा-पंधरा यार्ड मोकळे मिळतात.

दुसरं हत्यार रनिंग बॅकचा अँगल रूट, ज्याला टेक्सास म्हणतात. या गेमच्या मुखपृष्ठावर ख्रिश्चन मॅकॅफ्री आहे, आणि त्याच्यासारख्या खेळाडूसाठीच हा रूट आहे. २०१९ च्या मोसमात त्याने धावून १,३८७ आणि झेलून १,००५ यार्ड केले होते. त्याच्यामागे लाइनबॅकर लावला तर ती जोडी जमतच नाही. रूट असा: बॅक आधी बाहेर फ्लॅटकडे (कडेच्या जवळच्या जागेकडे) निघतो, लाइनबॅकर त्याच्या पुढे जायला धावतो, आणि बॅक एकदम आत वळतो. त्याचा बाहेरचा पाय रोवला गेला की फेका. वळून दोन पावलं आल्यावर फेकलं तर उशीर झाला. ही खेळी फसते तेव्हा दोष सहसा रूटचा नसतो. मधली जागा भरलेली असते. त्याच बाजूच्या स्लॉट (आतल्या) रिसीव्हरला हॉट रूटने, म्हणजे स्नॅपआधी रूट बदलून, बाहेर किंवा खोल पाठवा: ट्रँगल, रिसीव्हरचं बटण, मग काठीची दिशा. मधे कोणी उरला नाही की बॅक एकटाच असतो.

प्रेस हा स्वतंत्र त्रास आहे. कॉर्नरबॅक रिसीव्हरच्या तोंडाशी उभा राहिला तर सुरुवातीलाच धक्का बसतो, स्लँटची वेळ बिघडते, आणि सवयीप्रमाणे फेकलेला चेंडू रिसीव्हर तिथे पोचण्याआधीच जातो. उपाय दोन. बंच (रिसीव्हर घोळक्यात) किंवा स्टॅक (एकामागे एक) फॉर्मेशन घ्या, कारण मागच्या रिसीव्हरला धक्का देण्याइतकं जवळ कोणालाच येता येत नाही. नाहीतर मोशन देऊन रिसीव्हर चालत असतानाच स्नॅप घ्या. चालत्या रिसीव्हरला वेग आधीच मिळालेला असतो. त्याने टॅकलला (क्वार्टरबॅकला राखणाऱ्या लाइनच्या टोकाच्या खेळाडूला) ओलांडलं की स्नॅप, हा हिशेब ड्रॅग आणि फ्लॅट दोन्हीला लागू पडतो. फार आधी स्नॅप घेतला तर तो आपल्याच लाइनमनमध्ये अडकतो.

बचाव आतून झाकतोय की बाहेरून, हेही बघत जा. समोरच्याने बाहेरची बाजू झाकली असेल तर आउट आणि कॉर्नर बंद, स्लँट आणि पोस्ट (खोल जाऊन आत वळणारा) उघडे. आतली झाकली असेल तर उलट. गेममध्ये हे खरोखर काम करतं, आणि हुशार प्रतिस्पर्धी दोन-तीन झेल गेल्यावर बाजू बदलतोच. त्यामुळे एकाच फॉर्मेशनमधून एक आत जाणारी आणि एक बाहेर जाणारी खेळी तयार ठेवा.

२ मॅन अंडर आला की बरेच लोक हतबल होतात, कारण खाली पाच जण चिकटलेले आणि वर दोन सेफ्टी. याचं उत्तर हातातच असतं. पाचही जणांची पाठ क्वार्टरबॅककडे असते. लमार जॅक्सन, जोश ॲलन किंवा जेलन हर्ट्स असेल तर मधून पळा. दोनदा सात-आठ यार्ड गेले की समोरच्याला एक माणूस क्वार्टरबॅकवर नजर ठेवायला द्यावा लागतो. कव्हर ० मध्ये मात्र पळायचा विचार करू नका. तिथे सर्वात जवळचा स्लँट किंवा ड्रॅग, आणि चेंडू लगेच सोडा. मागे सात-आठ यार्डांपेक्षा जास्त सरकलात तर टॅकल कडेने धावून येणाऱ्या रशरला अडवू शकत नाही आणि सॅक होतो, म्हणजे क्वार्टरबॅक चेंडूसह पाडला जातो. सॅकचं खापर लाइनवर फोडण्याआधी आपण किती मागे गेलो ते रिप्लेत बघावं.

पासिंगच्या तीन पद्धती आहेत: क्लासिक, प्लेसमेंट, आणि प्लेसमेंट व अचूकता. कौशल्यावर चालणारं हे पासिंग मॅडन २३ पासून आलं. मॅनसाठी प्लेसमेंट सर्वात चांगली, यात शंका नाही. चेंडू बचावपटूपासून लांबच्या खांद्यावर ठेवता येणं हीच मॅनमधली अर्धी लढाई आहे. कॉर्नर रूटवर बाहेर आणि थोडा मागे, पोस्टवर सेफ्टीच्या पुढे न जाता. तिसऱ्या पद्धतीत पडद्यावरचा मीटरही अचूक जागी थांबवावा लागतो. तो घरच्या घरी, संगणकाविरुद्ध छान वाटतो. पण मुंबई-पुण्याहून अमेरिकेतल्या प्रतिस्पर्ध्याशी ऑनलाइन खेळताना जो विलंब येतो त्यात मीटर हातातून निसटतो आणि उघडा रिसीव्हर हुकतो. ऑनलाइनसाठी प्लेसमेंटवरच थांबा.

आता तक्रार. पाठ फिरवून धावणारा बचावपटू चेंडूकडे न बघता नेमक्या क्षणी हात वर करतो, हे या मालिकेचं जुनं दुखणं २५ मध्येही पूर्ण गेलेलं नाही. सर्वात जास्त ते सरळ खोल रूटवर आणि उशिरा फेकलेल्या आउटवर जाणवतं. दुसरं, दोघांनी एकाच वेळी झेप घेतली की गेम त्यांना एका ठरीव ॲनिमेशनमध्ये अडकवतो, आणि तिथे खेळणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. ट्रँगल धरून आक्रमक झेल घ्यायचा तर उंची आणि उडी दोन्ही रिसीव्हरकडे हवी, आणि एल-१ ने पास उंच द्यायला हवा. एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या, गुण मिळवून देणाऱ्या पट्ट्याच्या) कोपऱ्यात टाइट एंडसारख्या धिप्पाड रिसीव्हरला हे जमतं. मैदानाच्या मध्यावर दोघांच्या गर्दीत जमत नाही, तिथे एक्सने सुरक्षित झेल घ्यावा.

संगणकाविरुद्ध ऑल-मॅडन या सर्वात अवघड पातळीवर मॅन फार सोपा वाटू लागला तर स्लायडरमध्ये संगणकाचं पास कव्हरेज ५० वरून थोडं वर न्या. बचावाच्या प्रतिक्रियेचा स्लायडर मात्र जपून हलवा. तो वाढवला की वर सांगितलेली पाठमोरी अडवणूक आणखी वाढते, आणि चांगल्या कटचं बक्षीस नाहीसं होतं.

मॅडन २६ ऑगस्ट २०२५ मध्ये आला, पण तो पीएस-४ आणि एक्सबॉक्स वनवर नाही. त्यामुळे जुनं कन्सोल असलेल्यांना २५ हाच शेवटचा पर्याय आहे, आणि त्यांनी ती आवृत्ती घेण्याआधी तिच्यातलं पासिंग वेगळं तपासून घ्यावं. गेम आला तेव्हा ईए प्ले या सदस्यत्व सेवेत त्याची दहा तासांची चाचणी मिळत होती. गेम आजमावायला मिळाला तर तो वेळ मोसम सुरू करण्यात घालवू नका. सराव मोडमध्ये जा, समोर निकलमधून (पाच मागचे बचावपटू असलेल्या रचनेतून) आधी कव्हर १, मग २ मॅन अंडर, मग कव्हर ० लावा, आणि तिन्हींसमोर मेश, अँगल आणि कॉर्नर खेळून बघा. कट घेतल्याक्षणी सोडलेला चेंडू तुमच्या हाताला बसला, तर गेम घ्या.