जुळ्यांसाठी घेतलेलं गरोदरपणाचं पॅकेज: साडेपाच महिन्यांचा अनुभव

मुली आता चार महिन्यांच्या आहेत, दोघी आत्याबाईंजवळ झोपल्यात, म्हणून हे एकदाचं लिहायला बसले. खरं तर लिहिणार नव्हते. पण मागच्या गुरुवारी पतसंस्थेत जेवणाच्या सुट्टीत माझी सहकारी फाईल घेऊन आली. तिलाही जुळं आहे, साडेबारा आठवडे झालेत, आणि तिने त्याच दवाखान्यातलं तेच पॅकेज घेतलंय. मी तिचा सोनोग्राफी रिपोर्ट उघडला आणि थेट दुसऱ्या पानाच्या तळाशी गेले. माझ्या रिपोर्टात जी ओळ नव्हती, ती तिच्याही रिपोर्टात नाही. नऊ-दहा महिन्यांत काहीच बदललं नाही.

ती ओळ म्हणजे: वार (प्लॅसेंटा) एक की दोन.

दवाखान्याचं नाव देत नाही. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. पॅकेज सगळीकडे असतं तसंच: नऊ भेटी, चार सोनोग्राफी, रक्त-लघवीच्या ठरलेल्या तपासण्या, धनुर्वाताची इंजेक्शनं. बाळंतपण वेगळं. माझ्या वेळी १२,५०० रुपये. सगळं सुटं केलं असतं तर चौदा हजारांच्या पुढे गेलं असतं, असा हिशोब मी स्वतः मांडला होता आणि तेराव्या आठवड्यात पैसे भरले. जुळं आहे हे सातव्या आठवड्यातच कळलं होतं. काउंटरवर दोनदा विचारलं, जुळ्यांनाही हेच का? "हो हो, सगळं यातच." पॅकेज एका बाळाच्या मापाने आखलेलं आहे, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर पुढची निम्मी चिडचिड वाचली असती.

आता त्या ओळीबद्दल. जुळं दोन बीजांचं असेल तर प्रत्येकाची वार वेगळी असते. एकाच बीजाचं असेल तर ते फुटलं कधी, त्यावर ठरतं. पहिल्या तीनेक दिवसांत फुटलं तर वार दोन. चौथ्या ते आठव्या दिवसात फुटलं तर वार एक, पाण्याच्या पिशव्या दोन. त्याहून उशीर झाला तर पिशवीसुद्धा एकच, आणि ते सगळ्यात जोखमीचं. नाळा प्रत्येकाच्या आपापल्या, पण वार एक असली की तिच्यातल्या रक्तवाहिन्या आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाऊ शकतं. देणाऱ्याचं पाणी आटतं, घेणाऱ्याचं वाढतं, आणि वेळेत सापडलं नाही तर दोघंही जाऊ शकतात. एका वारेच्या शंभर जुळ्यांमध्ये साधारण दहा ते पंधरांना हे होतं, बहुतेक वेळा सोळा ते सव्वीस आठवड्यांच्या दरम्यान. म्हणून वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी लागते. दोन असतील तर महिन्यातून एकदा चालतं. सगळं वेळापत्रक या एका गोष्टीवर ठरतं, आणि ती बघायची योग्य वेळ म्हणजे अकरा ते चौदा आठवडे. मधला पडदा वारेला जिथे चिकटतो तिथे जाड त्रिकोण दिसला तर वार दोन, पातळ पडदा सरळ काटकोनात टेकला असेल तर एक. पुढे पुढे हे ओळखणं अवघड होत जातं.

माझ्या बाराव्या आठवड्याच्या रिपोर्टात दोन्ही बाळांची लांबी होती, मानेमागचं माप होतं, ठोके होते. वारेचा शब्द नव्हता. पुढची सोनोग्राफी "विसाव्या आठवड्यात या" असं सांगून मला घरी पाठवलं होतं.

हे उघड झालं ते सरकारी दवाखान्यात. आमच्या आशाताई माता-बाल संरक्षण कार्डासाठी मागे लागल्या होत्या, "ताई, नऊ तारखेला याच, मोठ्या डॉक्टर असतात." दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे. मी खाजगीत पैसे भरलेत मग तिकडे कशाला, असं माझं मत होतं. नाइलाजाने गेले. साडेतीन तास रांग, पंखा एक. आत गेले तर मॅडमनी फाईल उघडायच्या आधी विचारलं, "जुळं ना? वार एक का दोन?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी रिपोर्ट दोनदा उलटा-सुलटा वाचला. मग कार्डावर लाल स्टिकर लावला आणि म्हणाल्या, "आजच्या आज जा आणि हे लिहून आणा. सोळावा लागलाय तुम्हाला."

साडेबारा हजार देऊन जो प्रश्न कोणी विचारला नव्हता, तो फुकटच्या रांगेत पहिल्या वाक्यात आला. त्या दिवशी मी रिक्षात रडले.

आमच्या दवाखान्यात सोनोग्राफीचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी बाहेरून येतात. शुक्रवारी त्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली, संगणकातले जुने फोटोही काढून बघितले, आणि सांगितलं: वार एक, पिशव्या दोन. जुन्या फोटोत स्पष्ट दिसत होतं. बघितलं होतं, लिहिलं नव्हतं. काउंटरवर या सोनोग्राफीची पॅकेजमधून एक कापली. त्यांची राहिलेली ओळ लिहायला माझी सोनोग्राफी का खर्च झाली, हे मी विचारलं. उत्तर मिळालं, "मशीनवर झोपलात म्हणजे एक धरतात."

पुढचं वेळापत्रक आलं: दर पंधरा दिवसांनी. तेव्हा माझं ठाम मत झालं की हे पैसे काढायचं काम आहे. अठराव्या आठवड्यात एक गेली. विसाव्या आठवड्यातली व्यंग तपासणी "दोन बाळं म्हणून दोन" धरली. चार संपल्या, गरोदरपण निम्म्यावर. त्यानंतर प्रत्येक वेळी १,५०० रोख. शिवाय दर वेळी तो कायद्याचा फॉर्म, सही आणि आधारची झेरॉक्स. फॉर्मबद्दल माझी तक्रार नाही. गर्भलिंग तपासणी बंद राहावी म्हणूनच तो आहे, आणि "दोन्ही मुलगेच का?" असं विचारणाऱ्या बायका मला रोज भेटत होत्या. त्यांना जुळी केळी खाल्ली होतीस का हेही विचारायचं असायचं. वार एक का दोन हे मात्र गावात आशाताईंशिवाय कोणी विचारलं नाही.

बाविसाव्या आठवड्यात माझं मत बदललं. सोनोग्राफीवाले डॉक्टर नेहमी मापं मोठ्याने सांगतात, त्या दिवशी गप्प झाले. खालच्या बाळाच्या पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा ७.४ सेंटीमीटर, वरच्या बाळाचा २.६. एकीकडे २ च्या खाली आणि त्याच वेळी दुसरीकडे ८ च्या वर गेलं असतं तर तो आजार म्हणायचा. आम्ही अलीकडे होतो, पण फार अलीकडे नाही. पुढचा शब्द त्यांनी उच्चारला तो लेझर. दुर्बीण गर्भाशयात घालून वारेवरच्या जोडलेल्या रक्तवाहिन्या बंद करतात. देशात मोजक्याच मोठ्या केंद्रांत होतं. त्यांनी तिथूनच पुण्याच्या गर्भतज्ज्ञांना फोन लावून तिसऱ्या दिवसाची वेळ घेऊन दिली. त्याचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत, हेही लिहायला हवं.

पुण्याची वारी दोनदा झाली. सोनोग्राफी ४,००० आणि गाडी ४,५००, प्रत्येक वेळी. परत येताना खंबाटकी घाटात ह्यांनी गाडी तीनदा थांबवली, मला उलट्या होत होत्या. पण पुण्याच्या गर्भतज्ज्ञ मॅडमनी पाऊण तास बघितलं: दोघींच्या लघवीच्या पिशव्या भरलेल्या दिसतात का, नाळेतला रक्तप्रवाह कसा आहे, वजनात किती फरक आहे. पहिल्यांदा २.९ आणि ७.०. पंचविसाव्या आठवड्यात ३.८ आणि ५.९. सव्विसाव्याला आमच्या गावच्याच सोनोग्राफीत जवळजवळ सारखं. लेझर लागलं नाही. महिन्यातून एकदाच सोनोग्राफी केली असती तर हे चढलेलं पाणी कोणाला दिसलंही नसतं, आणि उतरलं नसतं तर ते कळायलाही उशीर झाला असता. पंधरा दिवसांची सोनोग्राफी पैसे काढायला असते हे मी घरी, ऑफिसात, बहिणीला, सगळ्यांना सांगितलं होतं. ते चुकीचं होतं.

इथपर्यंत रविवारी लिहिलं होतं. आज पावत्यांची पिशवी खाली काढली, तर अजून एक दुरुस्ती करावी लागतेय. विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी दोन धरली म्हणून मी काउंटरवर भांडले होते. पावतीवर वेळ आहे: आत ११.२०, बाहेर १२.३५. प्रत्येक बाळाचं हृदय, मणका, मेंदू, ओठ, बोटं, सगळं दोनदा. त्या दिवशी पोट कडक होतं म्हणून मधे मला चालायला पाठवलं होतं. तर दोन धरली ते योग्यच होतं. चूक आहे ती पॅकेजच्या कागदावर हे न छापण्यात. "जुळ्यांसाठी: सोनोग्राफी किमान दहा, व्यंग तपासणीला दुप्पट दर" एवढं लिहिलं असतं तर मी तयारीने पैसे बाजूला ठेवले असते. सोळाव्या आठवड्यातली कापलेली सोनोग्राफी मात्र मी अजूनही माझी मानते. १,५०० रुपये. ते परत मागायला जाणार आहे.

जे चांगलं होतं ते सांगते. आमच्या बाई डॉक्टरांनी बाराव्या आठवड्यापासून रात्रीची ॲस्पिरिनची छोटी गोळी चालू केली होती. जुळ्यात रक्तदाब वाढायची शक्यता जास्त म्हणून. मेडिकलवाल्याने "गरोदरपणात ही कशी?" म्हणून शंका घेतली, तेव्हा बाईंनी स्वतः त्याला फोन केला. प्रत्येक भेटीत रक्तदाब हाताने, पाच मिनिटं बसवून. बत्तिसाव्या आठवड्यात रात्री पोट आवळायला लागलं, गर्भपिशवीचं तोंड आखूड झालेलं निघालं, तेव्हा बाई रात्री दीड वाजता आल्या आणि बाळांच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, दुसरं चोवीस तासांनी. निम्म्याहून जास्त जुळी सदतीस आठवड्यांच्या आत जन्मतात, तेव्हा हे इंजेक्शन वेळेवर मिळणं केवढी मोठी गोष्ट आहे, ते मुली पहिल्या मिनिटाला रडल्या तेव्हा मला कळलं.

हिमोग्लोबिन ९.२ वर आलं तेव्हा मी सरळ सरकारीत गेले. शिरेतून लोहाचं इंजेक्शन, पैसे शून्य, महिन्याभरात १०.८. खाजगीत त्याचे सुटे पैसे सांगितले होते.

ठोके बघायचं मशीन मात्र जुळ्यांच्या कामाचं नाही. त्यांच्याकडे एकाच ठोक्याचं आहे, म्हणजे पट्टा आधी एका बाळावर, मग दुसऱ्यावर. एकीचे १४२, दुसरीचे १४५. सिस्टर म्हणायच्या दोन्ही मिळाले. पण दोन्ही वेळा एकाच बाळाचे लागले नाहीत कशावरून? दोन बाळांचे ठोके एकाच कागदावर उमटवणारं मशीन साताऱ्यात बघितलं, तेव्हा जीव शांत झाला.

आणि बाळंतपण इथे करणार नाही, इथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग नाही, हे मला तिसाव्या आठवड्यात सांगितलं. पहिल्या दिवशी सांगायला काय हरकत होती? सातव्या महिन्यात डोहाळे जेवणाच्या आदल्या दिवशी आम्ही साताऱ्यात दवाखाने शोधत होतो, दोन वॉर्मर आहेत का, दोन खाटा एकदम रिकाम्या मिळतील का, असं विचारत. छत्तीस आठवडे एक दिवसाला सिझर झालं, एक बाळ आडवं होतं. वजनं २.१ आणि १.९ किलो. धाकटी चार दिवस अतिदक्षता विभागात राहिली, मग माझ्या छातीला बांधून घरी आली.

हिशोब मागितलाय बऱ्याच जणींनी. पॅकेज १२,५००. त्यावरच्या सात सोनोग्राफी १०,५००. पुणे दोन वेळा मिळून १७,०००. बाळंतपण सोडून चाळीस हजार. एका वारेचं जुळं असेल तर एवढं धरूनच चाला, आणि नऊ तारखेचं सरकारी शिबिर सोडू नका, खाजगीत कितीही भरलेले असोत.

दवाखान्याला पाचपैकी तीन. बाई डॉक्टरांना पाच.

सहकारीला मी शुक्रवारी रिपोर्ट घेऊन परत पाठवलं आणि नीट बजावलं की नवीन सोनोग्राफी करू द्यायची नाही, जुने फोटो उघडायला लावायचे. डॉक्टरांनी पाच मिनिटांत उघडले आणि रिपोर्टाच्या तळाशी पेनाने लिहून सही केली. वार दोन आहेत. तिची पुढची तारीख महिन्याने आहे.