करंजाच्या नावाखाली उंदीरमारी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीत संरक्षक भिंतीवर कललेला 42 वर्षांचा वर्षावृक्ष गेल्या वर्षी रीतसर परवानगी घेऊन काढावा लागला. राज्याच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा वेळी तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी, सहा ते आठ फूट उंचीची रोपे लावून ती सात वर्षे जगवावी लागतात. रोपे स्थानिक प्रजातींचीच असावीत, अशी अटही आमच्या परवानगीपत्रात होती आणि सचिव म्हणून ती मला मनापासून पटली होती.

ठेकेदाराने करंज, बहावा आणि ताम्हण देतो असे तोंडी सांगितले. ताम्हण हे आपले राज्यफूल, ते आपल्याच आवारात फुलणार म्हणून सगळेच हरखले. टेम्पोतून 42 पिशव्या उतरल्या, त्यांतले तीस करंज असल्याचे त्याने सांगितले आणि आम्ही पूर्ण रक्कम चुकती केली.

पावसाळा सरताना त्यांतले एक रोप कलंडले. सरळ करायला गेलो तर ते अलगद हातात आले. खाली सोटमूळ नव्हतेच. कोयत्याने तिरकी छाटलेली फांदी होती आणि तिच्या टोकाला केसांसारखी चार मुळे. आमच्या माळीकाकांनी पान चुरगळून माझ्या नाकाशी धरले. वास उग्र होता, पानाच्या पाठीवर जांभळट डाग होते. "साहेब, ही उंदीरमारी. करंज नाही हा," ते म्हणाले.

उंदीरमारी म्हणजे गिरिपुष्प, मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. फांदी खोचली की रुजते, त्यामुळे विकणाऱ्याला ते जवळजवळ फुकट पडते. करंजाच्या पानाला पाच-सात रुंद, तकतकीत पर्णिका, म्हणजे एका देठावरची छोटी पाने, असतात. याच्या पर्णिका पुष्कळ आणि निस्तेज. करंजाच्या पानांवर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्यांना या झाडाचा फारसा उपयोग नाही, याचे मला पैशांहून अधिक वाईट वाटले.

ठेकेदाराला जाब विचारला तेव्हा त्याने बिलावर बोट ठेवले. त्यावर एवढेच होते : 'रोपे, 42 नग'. कायद्याने संख्या, उंची आणि मुदत ठरवून दिली, पण पिशवीत कोणते झाड आहे हे पैसे देण्यापूर्वी आम्हीच पाहायला हवे होते.

यंदा तीस करंज दुसऱ्या रोपवाटिकेतून घेतले. बिलावर प्रजातीचे नाव आणि नग लिहून घेतले, आणि टेम्पो आल्यावर माळीकाकांनी कोणतीही तीन रोपे निवडून त्यांच्या पिशव्या फाडून मुळे पाहिली, मगच मी चेकवर सही केली.