टचस्क्रीन हँडहेल्ड जीपीएस: दहा महिने आणि एक अख्खा पावसाळा वापरल्यावर

मागच्या दिवाळीच्या तोंडावर घेतलेल्या जीपीएसला आता दहा महिने झाले. जानेवारीत लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक केलं असतं. जुलैत बसलो असतो तर "घेऊ नका" एवढे दोनच शब्द लिहिले असते. आता ऑगस्ट संपत आलाय, राग बराच निवलाय, म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते टचस्क्रीनवाल्या बहुतेक यंत्रांना लागू होईल. स्पेसिफिकेशन सगळीकडे वाचायला मिळतात, त्यात वेळ घालवत नाही.

माझ्याकडे अकरा वर्षं बटणवाला जीपीएस होता. दोन पेन्सिल सेलवर चालायचा, पडदा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. त्याच्यावर भरवसा ठेवून कितीतरी घाटवाटा केल्या. कडेचं रबर सैल झालं तेव्हा तो पुतणीला दिला आणि ३६,५०० रुपये मोजून हा नवा घेतला. ही रक्कम माझ्यासाठी लहान नाही. दोन वर्षं ट्रेकचे पैसे बाजूला टाकत होतो.

हिवाळ्यात त्याने मन जिंकलं, हे मान्य करायलाच हवं. पहिली परीक्षा सांदण दरीत झाली. साम्रदजवळची ती घळ एवढी अरुंद आहे की वर आकाशाची नुसती पट्टी दिसते. जागा ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. तिथे मोजकेच दिसतात, आणि त्यांचे संदेशही कातळावर आपटून उशिरा पोचतात. जुन्या यंत्राची तिथली रेघ पिसाटल्यासारखी या कड्यावरून त्या कड्यावर उड्या मारायची. नवा दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकतो आणि अमेरिकेच्या जीपीएसखेरीज रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ यांचेही उपग्रह वापरतो. घरी येऊन ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची यंत्राने केलेली नोंद, उघडला तर रेघ जवळजवळ सगळीकडे घळीच्या पोटातच होती. त्या रात्री मी तो ट्रॅक चार वेळा उघडून पाहिला.

नकाशा बोटाने सरकवण्यात सुख आहे यात शंका नाही. ओपनस्ट्रीटमॅपवरचे फुकट नकाशे मेमरी कार्डात टाकले. त्यात ट्रेकर मंडळींनी हौसेने भरलेल्या ढोरवाटा, पाण्याची टाकी, लहानसहान खिंडी सापडतात. पूर्वी एका जागेचं नाव लिहायचं तर बाण दाबून दाबून एकेक अक्षर निवडावं लागे. आता पाण्याचं टाकं दिसलं की जागेवरच नाव टाकून होतं. जाता जाता एक सांगतो. जुन्या टोपोशीटवरून (सरकारी सर्वेक्षणाच्या नकाशांवरून) अक्षांश-रेखांश उचलत असाल तर त्या एव्हरेस्ट डेटमवर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायच्या जुन्या पायावर आहेत आणि जीपीएस मुळात डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या पायावर चालतो. सेटिंग बदललं नाही तर खिंड सरकून शेजारच्या घळीत जाऊन बसते. हे जुन्या यंत्रालाही होतं, नव्यालाही आहे.

उंचीबद्दलही थोडं. यात हवेच्या दाबावर चालणारा अल्टीमीटर आहे. हरिश्चंद्रगडावर गुहेत मुक्काम होता तेव्हा रात्री दहाला आणि पहाटे चारला उंची लिहून ठेवली. जागचे हललो नव्हतो, तरी २० मीटरचा फरक. दोष यंत्राचा नाही. आपल्याकडे हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, तेवढा तो उंचीत उमटतो. कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ मीटर ही माहीत असलेली उंची भरून घेतली की दिवसभर छान चालतो.

आता पावसाळा.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात राजगड-तोरणा केला. आळू दरवाजातून उतरलो, भुतोंडे खिंडीतला डांबरी रस्ता ओलांडून धारेला लागलो. पाऊस आडवा होता आणि धुकं एवढं की पुढच्या माणसाच्या सॅकचा रंग कळत नव्हता. ही वाट उन्हाळ्यात डोळे मिटून करावी इतकी सरळ आहे. धुक्यात मात्र डावी-उजवीकडे उतरणाऱ्या सोंडा मुख्य धारेसारख्याच वाटतात, आणि चुकीच्या सोंडेवरही गुरांनी मळवलेली वाट असते. अशा एका फाट्यावर आम्ही सहा जण थांबलो आणि मी जीपीएस हातात घेतला.

पडद्यावर एक थेंब पडला. तो ओघळला तसा नकाशाही त्याच्याबरोबर खाली सरकला. तोरणा पडद्याबाहेर गेला, वेल्हं आलं, मग पानशेतचं निळं पाणी. दुसऱ्या थेंबाने झूम मागे गेला आणि सगळा पुणे जिल्हा दिसायला लागला. मी बोट लावलं तर काहीच होईना, कारण बोटही ओलं. पुसायला कोरडं काही उरलेलं नव्हतं. शर्ट, रुमाल, नॅपकिन, सगळं पिळून पाणी. शेवटी यंत्र रेनकोटच्या आत धरून तोंडाने फुंकर मारून वाळवायचा प्रयत्न केला. फुंकरीनेच काचेवर वाफ धरली. पाच जण माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

पुतणी मागून पुढे आली. "काका, थांबा ना, तुमचा जुना आहे माझ्याकडे." तिने तो सॅकच्या पट्ट्यावरून काढला, अंगठ्याने दोनदा झूमचं बटण दाबलं, आणि उजवीकडची वाट बरोबर असल्याचं अर्ध्या मिनिटात सांगितलं. पुढे तासाभरात तोरण्याच्या बुधला माचीची तटबंदी धुक्यातून वर आली.

घरी येऊन पाहिलं तर यंत्रात २३ नव्या खुणा जमा झाल्या होत्या, सगळ्या पावसाने लावलेल्या. आणि ट्रॅकची नोंद मध्येच ५० मिनिटं बंद पडलेली. दोन टोकं जोडणारी सरळ रेघ दरीवरून गेली होती. माझ्यामागून कुणी तो ट्रॅक घेऊन आलं असतं तर? जीपीएसचा ट्रॅक आपण स्वतःपुरता ठेवत नाही, दुसऱ्याला देतो. म्हणून मला हा दोष इतका झोंबला.

सर्व्हिस सेंटरला पाठवला. कुरिअरचे ६४० रुपये माझे. एकोणीस दिवसांनी परत आला, सोबत कागद: तपासणीत दोष आढळला नाही. मी फोन केला. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी पाणी आत जात नाही. पाण्यात टच चालेल असं त्यात म्हटलेलं नाही." मी आवाज चढवला. यंत्र तपासलं कुठे, एसीच्या खोलीत कोरड्या टेबलावर ना, असं विचारलं. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पण त्याचं आधीचं म्हणणं खरं होतं हे फोन ठेवल्यावर पटलं. हा पडदा कपॅसिटिव्ह आहे. बोट टेकलं की तिथला विद्युतभार बदलतो आणि तो बदल पडदा ओळखतो. पावसाचं पाणीही तेच करतं, त्यामुळे थेंब आणि बोट यांत त्याला फरक करता येत नाही. पूर्वीचे दाबावर चालणारे रेझिस्टिव्ह पडदे या बाबतीत बरे होते, फक्त दिसायला मंद. मोबाइललाही हाच रोग आहे, म्हणून "फोन आहे की" हे पावसाळ्यापुरतं उत्तर नाही.

त्या संतापात यंत्र विकायला काढलं होतं. जाहिरातीसाठी फोटोही काढले.

मग दोन गोष्टी झाल्या. एक, मॅन्युअल नीट वाचलं. पडद्याला कुलूप लावायची सोय पहिल्यापासून होती, मी हिवाळ्यात कधी वापरलीच नव्हती. कुलूप लावलं की पाऊस खुणा लावत नाही, नोंद थांबत नाही, नकाशा आपल्या जागी राहतो. पण उघडायला पुन्हा पडद्यावरच बोट टेकावं लागे, म्हणजे झूम करायचा तर पुन्हा तीच पंचाईत. दोन, ऑगस्टच्या सुरुवातीला सॉफ्टवेअर अपडेट आलं आणि त्यानंतर कुलूप असतानाही कडेच्या एकुलत्या बटणाने झूम करता येतो. एकदा दाबलं की जवळ, दोनदा दाबलं की लांब.

हे घेऊन खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकरला गेलो. पदरवाडीच्या पुढे जंगलात भर पावसात सहा तास कुलूप लावून ठेवलं होतं. एकही खोटी खूण नाही, ट्रॅक अखंड. म्हणजे जुलैत जो राग मी यंत्रावर काढला त्यातला अर्धा माझ्या न वाचलेल्या पानांचा होता, आणि अर्धा कंपनीचा, कारण ३६,५०० रुपयांच्या वस्तूत हे बटण पहिल्या दिवसापासून चालायला हवं होतं. झूमसाठी दोन वेगळी बटणं दिली असती तर काय खर्च आला असता? मला आजही याचं उत्तर मिळत नाही. ज्या वेळी वाट दिसत नाही त्याच वेळी हे यंत्र लागतं, आणि सह्याद्रीत वाट दिसत नाही ती बहुतेक वेळा धुक्यात आणि पावसातच.

बॅटरीबद्दल तक्रार आहे ती वेगळी. आतली लिथियम आहे, बदलता येत नाही. जुन्याला गावातल्या कुठल्याही दुकानातले सेल चालत. याला तीन दिवसांच्या ट्रेकला पॉवर बँक वाहावी लागते, आणि चार्जिंगच्या तोंडाचं रबरी झाकण पावसात उघडायचं नसतं.

कुणी परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवणार असाल तर एक लक्षात ठेवा. उपग्रहावरून मेसेज पाठवणारी मॉडेल आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, विमानतळावर लोक अडकले आहेत. नुसता जीपीएस घ्या.

विचाराल तर आता माझं मत असं: तुमचं फिरणं ऑक्टोबर ते मे असेल तर खुशाल घ्या, सांदणसारख्या जागी पैसे वसूल होतात. घाटवाटा आणि पावसाळा हेच तुमचं फिरणं असेल तर बटणवालाच बघा, पडदा लहान असला तरी. मी विक्रीची जाहिरात काढून टाकली आहे. पुतणीकडून जुना मागितला तर ती म्हणाली, "काका, तो आता माझा आहे. तुम्ही ट्रेकला येताना मी असतेच." तेव्हा पुढचे पावसाळे वाट ती दाखवेल, आणि हा माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात, कुलूप लावून, ट्रॅक नोंदवत राहील.