कोचिंग आणि थेरपी: दोन्ही काही महिने घेतल्यानंतर

कामावर मोठी जबाबदारी आली आणि साधे निर्णयही रेंगाळायला लागले, म्हणून मी कोचिंग घ्यायला लागले, म्हणजे प्रश्न विचारून ध्येयाकडे जायला मदत करणाऱ्या कोचना भेटायला लागले. पुढे थेरपीही, म्हणजे बोलण्यातून होणारे मानसिक उपचारही, जोडली गेली. दोन्हीकडे आता बरेच महिने जातेय.

‘थेरपी भूतकाळाची, कोचिंग भविष्याचं’ हे सगळीकडे वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. माझी थेरपी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलण्याच्या, पद्धतीची आहे आणि तिथे बहुतेक वेळा आजचंच बोलणं होतं: काय घडलं, मनात कोणता विचार आला, तो खरा मानायला पुरावा काय. घरी करायचा अभ्यासही असतो. फरक कळला तो पहिल्या भेटीत. थेरपिस्टनी झोप, भूक, आधीची आजारपणं, घरात कुणाला मानसिक आजार होता का, जीव द्यावासा वाटतो का, हे सगळं शांतपणे विचारलं. कोचनी ध्येय, सध्याची स्थिती, पर्याय आणि पुढचं पाऊल या क्रमाने, म्हणजे ग्रो पद्धतीने, बोलतं केलं होतं. आजार ओळखून उपचार करणं त्यांच्या कामात येतच नाही.

कोचिंगचा फायदा भरपूर झाला. कामं वाटून देणं, वरिष्ठांना नाही म्हणणं मला तिथेच जमायला लागलं. ‘मी काय करू?’ याचं थेट उत्तर मात्र मिळत नाही. ते हवं असेल तर त्या वाटेने गेलेला मेंटॉर गाठावा.

कोचबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटला तो त्यांनी मला थांबवलं तेव्हा. ठरवलेली कामं तशीच पडून राहत होती, पहाटे जाग आली की पुन्हा डोळा लागत नव्हता, आवडीच्या गोष्टींतही मन रमत नव्हतं. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “हे नियोजनाने सुटणारं नाही. आधी तज्ज्ञांना भेटा.” नैराश्याचं निदान करताना किमान दोन आठवड्यांचा काळ खरोखरच पाहतात. उपचार सुरू झाले आणि मग कोचिंगही मार्गी लागलं.

बहुतेक देशांत ‘कोच’ ही पाटी कुणीही लावू शकतं. १९९५ साली सुरू झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रं आहेत; पहिल्या पायरीला १०० तास, सगळ्यात वरच्या पायरीला २५०० तास प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. पण ही प्रमाणपत्रं म्हणजे कायद्याचा परवाना नव्हे. म्हणून पैसे भरण्याआधीच विचारा, “कोणत्या परिस्थितीत तुम्ही मला थेरपिस्टकडे पाठवाल?” याचं उत्तर देताना जे गडबडतील, त्यांच्याकडे जाऊ नका.