माळकऱ्याला घेऊन इंडोनेशियन हॉटेलात

मागच्या शनिवारी आमचे महाराज संभाजीनगरला आले. महाराज म्हणजे होस्टेलपासूनचा दोस्त, गळ्यात तुळशीची माळ म्हणून हे नाव पडलं, औशाकडं बारा एकर शेती, त्यातली निम्मी सोयाबीनखाली. म्हटलं चल आज काहीतरी वेगळं खाऊ, तर म्हणतो, "परत मंचुरियन खाऊ घालायलास का?" नाही म्हटलं, इंडोनेशियन. सिडकोत आतल्या गल्लीत सुरू झालंय, आठ-दहा टेबलं, भिंतीवर तिकडच्या बोरोबुदूर स्तूपाचा मोठा फोटो, एसी आहे पण असून नसल्यासारखा. हॉटेलाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण पुढं एक तक्रार आहे आणि पोरं नवीन आहेत, त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला.

आधी टेंपे मागवलं. 220 रुपये, सहा काप, तळून वरून काळी गोडसर चटणी. ती चटणी म्हणजे केचाप मानिस, सोया सॉसच पण ताडाचा गूळ घातल्यामुळं काकवीसारखा घट्ट. आणि टेंपे म्हणजे काय, तर अख्खं सोयाबीन. भिजवायचं, सालं काढायची, शिजवायचं, त्यात एका ठराविक बुरशीचं विरजण टाकून केळीच्या पानात बांधून उबेला ठेवायचं, दीड-दोन दिवसांत पांढरी बुरशी दाण्यादाण्यात शिरून सगळ्याची एक वडी होते. मूळ जावा बेटावरचं. ही पोरं इथंच बनवतात, हिवाळ्यात थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून ठेवतो म्हणाला कुक.

हे सगळं ऐकून महाराज गप्प. मग म्हणाले, "म्हणजे बुरशी लागलेलं सोयाबीन. हे मोंढ्यात नेलं तर डागी म्हणून आडत्या कट्टा उघडून बघायचा नाही, आणि इथं आपण पैसे देऊन खायलोत." बरं खाल्लं मात्र सहातले चार त्यानंच. बाहेरून कुरकुरीत, आतून चावायला भरीव, किंचित अळंबीसारखा वास. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5328 होता, म्हणजे किलोला 53 रुपये, तोही मिळाला तर. प्लेटीत पावशेर तरी सोयाबीन असेल का, याचा हिशोब तो मोबाईलवर करत बसला, मी म्हटलं राहू दे, जेवण गोड लागणार नाही. वीस वर्षं हा माणूस सोयाबीन पेरतोय, काढतोय, बनीम, म्हणजे काढलेल्या सोयाबीनचा ढीग, झाकायला रात्री पावसात पळतोय, पण घरात त्याचा एक दाणा कधी शिजला नाही, सगळं तेलाला आणि पेंडीला. तिकडं इंडोनेशियात म्हणे स्वतःचं पुरत नाही म्हणून बरंचसं अमेरिकेतून आणतात.

गाडो-गाडो पण चांगलं. उकडलेल्या भाज्या, टोफू आणि वरून शेंगदाण्याची दाट चटणी. आपल्या लातूर-धाराशिवकडच्या माणसाला काय सांगायचं, म्हाद्यात, म्हणजे शेंगदाण्याच्या कालवणात, गूळ आणि चिंच जरा जास्त पडली तर कसा लागेल, तसं. अंडं काढायला सांगितलं होतं, काढलं.

आता तक्रार. महाराजांनी व्हेज नासी गोरेंग मागवला. नासी म्हणजे भात, गोरेंग म्हणजे तळलेला, म्हणजे फोडणीचा भातच हो, फक्त शिळा म्हणून लाजायचं नाही. मेनूत समोर हिरवा ठिपका. ताट आलं, भातावर एक पांढरट गुलाबी पापड, दिसायला तळलेल्या कुरडईचा भाऊ. महाराजांनी तुकडा मोडला, तोंडाकडं नेणार, तेवढ्यात मी माझ्या ताटातला खाल्ला होता तर मला समुद्राचा वास आला. म्हटलं थांब. वेटरला विचारलं तर "पापड है सर, फ्री है." अरे फ्री आहे ते ठीक, कशाचा आहे? त्याला काय माहिती. शेवटी आतून कुक आला, त्यानं खरं सांगितलं, क्रुपुक उदांग, उदांग म्हणजे झिंगा. मग मी भातातल्या सांबालबद्दल विचारलं. सांबाल म्हणजे त्यांचा ठेचा, दगडावर रगडलेला, आणि त्यात तेरासी असते, ती पण सुक्या झिंग्याचीच. भातात तीच होती! महाराज तुकडा ताटात ठेवून एवढंच बोलले, "पांडुरंगानं वाचवलं." मी जवळ बसलो होतो पण क्रेडिट पांडुरंगाला.

पोरांनी माफी मागितली, वेगळ्या कढईत नुसती मिरची-लसूण घालून नवीन भात करून दिला, तो झकास होता, त्याचे पैसेही घेत नव्हते, आम्हीच दिले. पण भावांनो, हिरवा ठिपका टाकताय तर वेटरला शिकवा. श्रावणात एखादं कुटुंब आलं आणि आजीनं तो पापड खाल्ला तर माफीनं भागणार नाही.

मी मटन रेंदांग घेतलं होतं, 390. चव छान, नारळाचं दूध, गवती चहा, मसाला मुरलेला, पण रस्सा! रेंदांग सुमात्रातल्या मिनांगकाबाव लोकांचं, तासन् तास आटवून तेल सुटून मटन काळंभोर कोरडं व्हायला पाहिजे. ओलं असताना उतरवलं तर त्याला तिकडं कालियो म्हणतात. संभाजीनगरात नान खलियाचा मटन रस्सा खाऊन वाढलेल्या गिऱ्हाईकासमोर कालियो ठेवताय तर तसंच नाव लिहा की, कोण भांडतंय.

शेवटी चेंदोल, तांदळाच्या हिरव्या शेवया, नारळाचं दूध, गूळ, बर्फ. तिकडं साखरेला गुला म्हणतात, संस्कृतातल्या गुडापासूनचा शब्द, म्हणजे आपल्या गुळाचा सख्खा. 120 चा ग्लास दोघांनी एकेक संपवला. बिल 1320 अधिक जीएसटी. संध्याकाळी आठनंतर गाडी लावायला जागा नाही, लवकर जा.

निघताना महाराजांनी कच्च्या टेंपेची एक वडी बांधून घेतली आईला दाखवायला. काल फोन आला. काकूंनी शेंगदाणा तेलात तळून भाकरीबरोबर वाढलं म्हणे, स्वतः पण खाल्लं, आणि म्हणाल्या, "लागतंय बरं, पण तेल लय पितंय."